कोरडा दाणा आणि हिरवा पाला

घरीं हौसेनें पाळलेल्या प्राण्याला काय खावयास घालावें, हा प्रश्न वरवर पाहणारास अगदीं क्षुल्लक वाटतो. दुकानांतून कोरड्या खाद्याचें एक पुडकें आणलें, वाटींत मूठभर ओतलें, शेजारीं पाणी ठेवलें, कीं धन्याचें कर्तव्य संपलें, अशी सर्वसाधारण समजूत असते. कित्येक प्राण्यांच्या बाबतींत या समजुतीनें होणारी हानि लवकर दिसून येत नाहीं. परंतु गिनीपिग या नांवाचा जो लहानसा, बिनशेपटीचा, गरीब स्वभावाचा प्राणी शहरांतील घरांतून मुलांच्या आवडीचा झाला आहे, त्याच्या बाबतींत ही चूक थोड्या आठवड्यांत त्याच्या जिवावर बेतते. वाटी दाण्यानें भरलेली असते, आणि तरीहि प्राणी खंगत जाऊन मरतो. हें असें कां व्हावें, याचा उलगडा होण्यास मनुष्यास फार काळ लागला. आणि जेव्हां तो झाला, तेव्हां त्यांतून केवळ गिनीपिगाच्याच नव्हे, तर माणसाच्याहि एका जुन्या व भयंकर रोगाचें मूळ हातीं आलें. वाटीभर कोरड्या खाद्याचा हा इतिहास म्हणूनच ऐकण्याजोगा आहे.

गिनीपिग या नांवांत दोन चुका आहेत. हा प्राणी गिनी देशाचा नाहीं, आणि डुकराच्या जातीचाहि नाहीं. उंदीर, खार, साळिंदर हे ज्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गांत मोडतात, त्याच वर्गांतला तो आहे. त्याची जन्मभूमि म्हणजे दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताचा प्रदेश. पेरू, बोलिव्हिया, एक्वादोर हे देश आज ज्या भागांत आहेत, तेथील लोकांनीं तो हजारों वर्षांपूर्वीं माणसाळविला, आणि तोहि खेळण्यासाठीं नव्हे, तर मांसासाठीं. तिकडे त्यास 'कुय' म्हणतात. कुझ्को शहरांतील मुख्य ख्रिस्तमंदिरांत येशूच्या अखेरच्या भोजनाचें अठराव्या शतकांतील एक चित्र आहे. तें मार्कोस सापाता या चित्रकाराचें समजलें जातें. त्या चित्रांत मेजावरील ताटांत वाढलेला प्राणी म्हणजे कुयच होय, असें पुष्कळ लोक मानतात. त्या प्रदेशाच्या जीवनांत या प्राण्याचें स्थान केवढें होतें, हें एवढ्यावरून ध्यानांत येईल.

अँडीजमधील शेतकऱ्याच्या घरीं हे प्राणी स्वयंपाकघरांत, चुलीच्या आसपास वावरत. रोज कापून आणलेलें गवत, मक्याचीं पानें, भाज्यांचीं सालें हेंच त्यांचें अन्न. पुढें स्पॅनिश लोकांनीं लसूणघास तिकडे नेला, तेव्हां तोहि त्यांच्यापुढें पडूं लागला. या अन्नांत दोन गुण एकत्र नांदत होते. एक म्हणजे गवताचा लांब, चिवट धागा. आणि दुसरा म्हणजे हिरव्या पाल्याचा ताजेपणा. हे गुण कोणीं हेतुपूर्वक त्यांत घातले नव्हते, आणि म्हणूनच ते कोणाच्या लक्षांतहि आले नव्हते. जें आपोआप मिळतें, त्याची किंमत तें मिळेनासें झाल्यावरच कळते.

सोळाव्या शतकांत स्पॅनिश जहाजांबरोबर हा प्राणी युरोपांत पोहोंचला. इ. स. १५५४ मध्यें झूरिकचे पंडित कोनराड गेस्नर यांनीं त्याचें वर्णन लिहिलें. तिकडे त्याचें मांस कोणाच्या विशेष पसंतीस उतरलें नाहीं. पण त्याचा सौम्य स्वभाव मात्र लोकांस आवडला, व श्रीमंतांच्या घरीं तो लाडाचा प्राणी होऊन बसला. पुढें त्याच सौम्यपणामुळें तो शास्त्रज्ञांच्या हातीं गेला. १७८२-८३ च्या हिवाळ्यांत फ्रान्समध्यें लाव्हाझिए आणि लाप्लास यांनीं एका पात्रांत गिनीपिग ठेवून भोंवतीं बर्फ भरला, आणि त्याच्या अंगच्या उष्णतेनें किती बर्फ वितळतो हें मोजून, श्वसन हें एक प्रकारचें मंद ज्वलनच आहे, असा सिद्धांत मांडला. एकोणिसाव्या शतकांत रोगजंतूंचें शास्त्र उदयास आलें, तेव्हां तर प्रयोगशाळांतून या प्राण्यांचे कळपच्या कळप बाळगण्यांत येऊं लागले.

येथेंच कोरड्या दाण्याचा प्रवेश झाला. परसांतील दोन-चार प्राण्यांस कोबीचीं पानें पुरतात. शेंकडों प्राण्यांस बारा महिने ताजा पाला पुरविणें अवघड असतें, आणि युरोपच्या हिवाळ्यांत तर तें फारच कठीण. ओट, गव्हाचा कोंडा, सातू हीं धान्यें मात्र पोत्यांत भरून ठेवतां येतात, नासत नाहींत, मोजून देतां येतात. हीच सोय पाहून माणसानें पूर्वीं एकदां आपल्या स्वतःच्या जातीवरहि असाच प्रयोग केला होता. तो प्रयोग म्हणजे शिडाच्या जहाजांवरील खलाशांची शिधासामुग्री.

लांबच्या सागरपर्यटनास निघालेल्या जहाजावर वाळवून कडक केलेलीं बिस्किटें, खारवलेलें मांस आणि सुकी कडधान्यें भरलेलीं असत. पोटास कमी नव्हतें. तरीहि कांहीं महिन्यांनीं खलाशांच्या हिरड्या सुजत, दांत हलूं लागत, कातडीखालीं रक्त सांखळे, जुन्या जखमा पुन्हां उघडत, आणि अखेर मृत्यु येई. हाच स्कर्व्ही रोग. तोफांनीं जितके खलाशी मारले, त्यांहून अधिक या रोगानें मारले, असें त्या काळच्या आरमारांविषयीं म्हटलें जातें. १७४७ मध्यें 'सॅलिस्बरी' या इंग्रजी युद्धनौकेवर जेम्स लिंड नांवाच्या शस्त्रवैद्यानें १२ रोगी निवडले, त्यांच्या दोघादोघांच्या ६ जोड्या केल्या, आणि प्रत्येक जोडीस निराळें औषध दिलें. कोणास सफरचंदाची दारू, कोणास सिरका, कोणास समुद्राचें पाणी. ज्या दोघांस संत्रीं व लिंबें मिळालीं, ते अवघ्या सहा दिवसांत उल्लेखनीय सुधारले. १७५३ मध्यें लिंडनें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला; तथापि ब्रिटिश आरमारानें लिंबाचा रस नियमानें देण्यास प्रारंभ केला तो १७९५ मध्यें. मध्यें बेचाळीस वर्षें गेलीं.

इतकें होऊनहि हें ज्ञान टिकलें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ब्रिटिश आरमारानें भूमध्यसमुद्रांतील मोठ्या पिवळ्या लिंबांऐवजीं वेस्ट इंडीज बेटांतील लहान आंबट लिंबांचा रस वापरण्यास सुरुवात केली. दोहोंचा आंबटपणा सारखाच, तेव्हां गुणहि सारखाच असणार, असा समज होता. १८७५ मध्यें नेअर्स यांच्या नेतृत्वाखालीं उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या मोहिमेंत असा रस असतांनाहि स्कर्व्हीनें थैमान घातलें. त्यावरून लिंबाच्या गुणाविषयींच शंका घेण्यांत येऊं लागली. नासलेल्या मांसांतील विषानें हा रोग होतो, अशी नवी उपपत्ति पुढें आली. वाद मिटविण्यास साधन नव्हतें. कारण हा रोग माणसाखेरीज दुसऱ्या कोणत्याहि प्राण्यास मुद्दाम उत्पन्न करतां येत नव्हता. उंदराला वर्षभर कोरडें धान्य घातलें तरी त्याच्या हिरड्यांतून रक्त येत नाहीं.

आणि नेमकें उत्तर प्रयोगशाळांच्या पिंजऱ्यांत पडून होतें. अमेरिकेंतील थिओबाल्ड स्मिथ यांनीं १८९५-९६ च्या सरकारी अहवालांत एक नोंद केली होती. गिनीपिगांना गवत, हिरवा चारा किंवा कोबी यांपैकीं कांहीं न देतां केवळ कोंडा आणि ओट घातले, तर कातडीखालीं रक्त सांखळण्याचा एक चमत्कारिक रोग होऊन चार ते आठ आठवड्यांत ते मरतात, असा त्या नोंदीचा आशय होता. स्मिथ हे श्रेष्ठ दर्जाचे शास्त्रज्ञ. परंतु त्यांचें लक्ष जनावरांच्या सांसर्गिक रोगांवर होतें. पिंजऱ्यांतील हें मरण त्यांनीं टिपून ठेवलें आणि ते पुढें गेले. खलाशांचा रोग आणि पिंजऱ्यांतला रोग एकच, हें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

तें ध्यानांत आलें नॉर्वेमध्यें. ख्रिस्तियानिया म्हणजे आजचें ऑस्लो शहर. तेथील विद्यापीठांत आक्सेल होल्स्ट हे आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. नॉर्वेच्या जहाजांवरील खलाशांस पाय सुजण्याचा जो रोग होत असे, त्याचा ते शोध करीत होते. तो बेरीबेरीचा प्रकार असावा, असा समज होता. जावा बेटांत डच संशोधकांनीं सडलेला तांदूळ, म्हणजे कोंडा काढून पांढरा केलेला तांदूळ, कोंबड्यांस घालून बेरीबेरीसारखा रोग उत्पन्न केला होता. तें काम होल्स्ट यांनीं पाहिलें होतें. पक्ष्यांऐवजीं एखादा सस्तन प्राणी प्रयोगास घ्यावा, असें त्यांनीं ठरविलें आणि गिनीपिग निवडला. बालरोगांचे वैद्य थिओडोर फ्रोलिख हे त्यांचे सहकारी झाले. दोघांनीं निरनिराळ्या गटांस ओट, सातू, राय, गहूं, तांदूळ असें एकएकच धान्य, कधीं भरड करून तर कधीं पाव करून, घालण्यास सुरुवात केली.

सुमारें महिन्याभरांत प्राणी मरूं लागले. पण शवच्छेद करून पाहतां बेरीबेरीचें चिन्ह नव्हतें. दाढा हलत होत्या, हाडें ठिसूळ होऊन मोडलेलीं होतीं, सांध्यांभोंवतीं व स्नायूंत रक्त सांखळलेलें होतें. लहान मुलांची स्कर्व्ही फ्रोलिख यांच्या परिचयाची होती. ही तीच होती. दुसरा एखादा संशोधक आपला प्रयोग फसला, असें समजून पिंजरे बदलता. या दोघांनीं शोधाची दिशाच बदलली. प्राणी नुसता भुकेनें तर मरत नसेल ना, ही शंका फेडण्यासाठीं त्यांनीं कांहींना केवळ कोबी घातला. ते प्राणी वाळले, पण त्यांस स्कर्व्ही झाली नाहीं. दाण्याबरोबर ताजा कोबी किंवा लिंबाचा रस दिला, तर रोग टळत असे. कोबी शिजविला कीं त्याचा गुण उणावत असे, आणि भाजी वाळवून ठेवली कीं तो बहुतेक नाहींसा होत असे. हे सारे निष्कर्ष १९०७ मध्यें केंब्रिजहून निघणाऱ्या आरोग्यशास्त्राच्या एका नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. स्कर्व्ही हा विषानें नव्हे, तर अन्नांतील कांहीं उणिवेनें होणारा रोग आहे, हें प्रथमच प्रयोगानें सिद्ध झालें. आणि तें सिद्ध करणारी वस्तु म्हणजे वाटीभर कोरडा दाणा.

या शोधाचें स्वागत मात्र थंडपणानें झालें. त्या वेळीं आहारशास्त्रज्ञांचा आवडता प्राणी उंदीर होता, आणि उंदराला स्कर्व्ही होत नाहीं. १९१७ मध्यें अमेरिकेंतील एल्मर मॅकॉलम यांनीं उघड विरोध केला. 'अ' जीवनसत्त्वाच्या शोधानें त्यांचें नांव प्रसिद्ध झालेलें होतें. त्यांनीं गिनीपिगांस ओट आणि दूध घालून पाहिलें. ज्यांना स्कर्व्ही झाली, त्यांच्या पोटांतील आंधळें आंतडें घट्ट मळानें तुंबलेलें त्यांस आढळलें. यावरून त्यांनीं अनुमान काढलें कीं, अन्नांत कसलीहि उणीव नाहीं. चोथा नसल्यामुळें मळ सांचतो, तो कुजून विष होतें, आणि तेंच स्कर्व्हीचें कारण. पुढच्याच वर्षीं येल विद्यापीठांतील कोहेन व मेंडेल यांनीं दाखवून दिलें कीं, खाद्यांत भरपूर चोथा घातला तरी ताज्या वस्तूवांचून स्कर्व्ही टळत नाहीं. मॅकॉलम यांचा पराभव झाला.

तथापि त्यांच्या चुकींत सत्याचा एक अंश होता, आणि गिनीपिग पाळणारानें तो विसरूं नये. या प्राण्याचें आंधळें आंतडें फार मोठें असतें, व गवताचा धागा तेथें आंबून पचतो. त्याचे समोरचे दांत आणि दाढा जन्मभर वाढतच राहतात. लांब गवत घोळवून घोळवून चावल्यानेंच त्या झिजतात. चोथा कमी पडला तर आंतडें मंदावतें, दाढा वाढून जीभ जखडते, आणि प्राणी खाऊं शकत नाहीं. म्हणजे कोरड्या दाण्यांत एक नव्हे, तर दोन स्वतंत्र उणिवा होत्या. मॅकॉलम यांस एक दिसली आणि त्यांनीं तिच्यावर दुसरीचा आरोप केला. चोथ्यानें ताजेपणाची उणीव भरून निघत नाहीं, आणि ताज्या रसानें चोथ्याची नाहीं. अँडीजच्या हिरव्या गवतांत जें एकत्र होतें, तें माणसानें दाण्याची सोय पाहून एकदमच गमावलें होतें.

ही चर्चा चालली असतां पहिलें महायुद्ध चालूं होतें, आणि त्या युद्धांत या प्रश्नाचा महाराष्ट्राशीं संबंध आला. मेसोपोटेमियांत तैग्रिस नदीकांठीं कुट येथें जनरल टाऊनशेंड यांच्या हाताखालील फौज डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यांत सांपडली. ही फौज म्हणजे पुण्याच्या नांवानें ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन; तींत मराठा पलटणींचे शिपाईहि होते. २९ एप्रिल १९१६ रोजीं फौज शरण गेली. वेढ्यांत दोन तऱ्हेचीं ताटें होतीं आणि दोन तऱ्हेचे रोग झाले. गोऱ्या शिपायांस पांढऱ्या पिठाचा पाव आणि घोड्याचें ताजें मांस मिळे. त्यांच्यांत बेरीबेरी पसरली. हिंदी शिपाई कोंड्यासकट दळलेलें पीठ खात, म्हणून बेरीबेरीपासून वांचले; परंतु त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं घोड्याचें मांस धर्मभावनेनें बराच काळ नाकारलें, आणि हिरवी भाजी तर नव्हतीच. त्यांच्यांत स्कर्व्ही पसरली. पिंजऱ्यांतील गिनीपिगाप्रमाणेंच त्यांच्याहि वाट्याला केवळ कोरडा दाणा आला होता.

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्यें हॅरिएट चिक, मार्गारेट ह्यूम आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया या सुमारास हाच प्रश्न हातीं घेऊन बसल्या होत्या. त्यांनीं गिनीपिगांस ओट, कोंडा आणि फार तापवून निःसत्त्व केलेलें दूध असें मूळ अन्न दिलें, आणि त्यांत एकेक पदार्थ मोजून मिसळून, किती दिल्यानें रोग टळतो, हें ठरविलें. वेस्ट इंडीजच्या लहान लिंबाच्या रसांत मोठ्या पिवळ्या लिंबाच्या मानानें सुमारें एक चतुर्थांश गुण आहे, हें त्यांतून १९१८ मध्यें निश्चित झालें, आणि १८७५ च्या मोहिमेचें कोडें उलगडलें. आंबटपणा हा गुणाचा पुरावा नव्हता.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढें आली ती मोडांची. ख्रिस्तियानियांतच व्हॅलेंटिन फ्यूर्स्ट यांनीं १९१२ मध्यें दाखविलें होतें कीं, सुकें कडधान्य गिनीपिगास स्कर्व्हीपासून वांचवूं शकत नाहीं. पण तेंच भिजवून त्याला मोड आणले, तर तें वांचवितें. चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं याची पुन्हां परीक्षा घेतली, आणि मेसोपोटेमियांतील सैन्यासाठीं मोडाच्या कडधान्याची शिफारस केली. सुमारें एक दिवस भिजवावें, पुढें एक-दोन दिवस ओलसर ठेवून मोड येऊं द्यावेत, आणि थोडाच वेळ शिजवावें, एवढाच विधि. ज्या शिपायांसाठीं ही शिफारस झाली, त्यांपैकीं मराठी शिपायांच्या घरीं मटकीची, मुगाची उसळ आणि वालाचें बिरडें हे नित्याचे पदार्थ होते. त्यांच्या आयांनीं हा विधि कोणत्याहि नियतकालिकांत वाचला नव्हता. परंतु घरची रीत लष्करी कोठाराच्या यादींत नव्हती. तेथें डाळ होती, आणि भरडलेल्या डाळीला मोड येत नाहींत.

त्या ताज्या वस्तूंतील गुण नेमका कोणता, हें कळण्यास आणखी पंधरा वर्षें लागलीं. हंगेरियन शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनीं १९२८ मध्यें केंब्रिज येथें एक पांढरें, स्फटिकरूप द्रव्य वेगळें केलें होतें. पुढें सेगेद शहरांत स्विर्बेली या तरुण सहकाऱ्याच्या साह्यानें त्यांनीं तें गिनीपिगांस देऊन पाहिलें. उकडलेलें निःसत्त्व अन्न खाणारे प्राणी मेले. तेंच अन्न या द्रव्याच्या कणासह खाणारे जगले. १९३२ मध्यें हंगेरींत त्यांनीं, आणि अमेरिकेंत लिंबाच्या रसावर काम करणाऱ्या चार्ल्स किंग यांनीं, हेंच 'क' जीवनसत्त्व असें जाहीर केलें. सेगेदच्या परिसरांत पिकणाऱ्या लाल मिरचींत तें विपुल सांपडलें. १९३३ मध्यें तें प्रयोगशाळेंत तयार करण्यांतहि यश आलें. उंदीर मात्र त्यावांचून निर्धास्त कां, याचें उत्तर १९५७ मध्यें मिळालें. उंदीर हें द्रव्य स्वतःच्या यकृतांत साखरेपासून बनवितो. गिनीपिग, माणूस आणि वानर यांच्या शरीरांत त्या कामाची अगदीं शेवटची पायरी नाहीं. एवढ्यापुरतें माणसाचें नातें उंदराशीं नसून गिनीपिगाशीं आहे.

कृत्रिम रीतीनें तयार केलेलें जीवनसत्त्व स्वस्त झाल्यावर कोरड्या खाद्याचें दुसरें युग सुरू झालें. गवताचा भुगा, कोंडा, क्षार आणि 'क' जीवनसत्त्व एकत्र दाबून गोळ्या होऊं लागल्या. १९०७ मध्यें जी वाटी प्राण घेत होती, ती आतां निर्धोक झाली असें वाटूं लागलें. परंतु होल्स्ट आणि फ्रोलिख यांस दिसलेली गोष्ट नाहींशी झाली नव्हती. हें जीवनसत्त्व हवा, उष्णता, ओल आणि प्रकाश यांनीं हळूहळू नष्ट होतें. साध्या स्वरूपांत तें मिसळलेलें खाद्य तयार झाल्यापासून सुमारें ९० दिवसांच्या आंत वापरावें, असा प्रयोगशाळांचा नियम होता. पुढें अधिक टिकाऊ रूपें निघालीं, तथापि काळाचा नियम कोणालाहि चुकत नाहीं. गोळ्यांचा रंग तोच, वास तोच, प्राणी खातोहि आवडीनें. गेलेला गुण डोळ्यांस दिसत नाहीं. आणि आपल्याकडील पावसाळ्याची दमट हवा त्याला विशेष प्रतिकूल.

या साऱ्या इतिहासावरून गिनीपिगासाठीं कोरडें खाद्य कसें निवडावें, हें सहज ठरवितां येतें. पहिलें खाद्य म्हणजे चांगलें वाळलेलें गवत. टिमोथीसारखें विलायती गवत मिळालें तर उत्तम. न मिळाल्यास औषध न फवारलेली, स्वच्छ, बुरशी न लागलेली वाळलेली हरळीहि चालते. तें प्राण्यापुढें अहोरात्र असावें, कारण आंतडें आणि दाढा यांचें आरोग्य त्यावरच आहे. लसूणघासांत चुना अधिक असतो. वाढत्या पिलांस व गाभण माद्यांस तो मानवतो. प्रौढ प्राण्यास रोज दिल्यास मूतखडा होण्याची भीति असते.

दुसरें खाद्य म्हणजे गोळ्या, आणि त्या पुरवणी म्हणून. प्रौढ प्राण्यास दिवसाला एक-दोन मोठे चमचे पुरतात. त्या गिनीपिगासाठींच केलेल्या असाव्यात. सशाच्या गोळ्या दिसण्यांत सारख्याच असतात. परंतु ससा आपलें 'क' जीवनसत्त्व आपणच बनवीत असल्यामुळें त्या तें घालून केलेल्या नसतात. गोळ्या सर्व एकसारख्या असाव्यात. रंगीबेरंगी दाणे, सूर्यफुलाचें बीं, सुका मेवा यांचें मिश्रण मुलांस मोहक वाटतें, पण प्राणी त्यांतील गोड तेवढें वेंचून खातो आणि उपयुक्त तें टाकून देतो. पुडक्यावर जीवनसत्त्वाचें प्रमाण आणि तयार केल्याची तारीख पाहावी. स्वस्त पडतें म्हणून वर्षभराचें पोतें घेऊं नये. लहान पुडकें घ्यावें, झांकणाच्या डब्यांत, अंधाऱ्या व थंड जागीं ठेवावें.

तिसरी गोष्ट म्हणजे कोरड्या खाद्यावर विसंबून न राहणें. या प्राण्यास दर किलो वजनामागें रोज सुमारें १० मिलिग्रॅम, आणि गाभण असल्यास ३० मिलिग्रॅमपर्यंत 'क' जीवनसत्त्व लागतें. सेगेदच्या मिरचीची बिनतिखट बहीण म्हणजे आपली ढोबळी मिरची. तिची एक फोड, थोडी कोथिंबीर, ताजें धुतलेलें गवत, एवढ्यांत बहुतेक गरज भागते. पिण्याच्या पाण्यांत जीवनसत्त्वाचे थेंब घालण्याची रीत भरंवशाची नाहीं. पाण्यांत तें लवकर नष्ट होतें, आणि चव बदलल्यास प्राणी पाणीच कमी पितो. प्राणी हालचाल टाळूं लागला, सांधे सुजले, उचलतांना ओरडूं लागला, केंस राठ झाले, खाणें सुटलें, तर वाट न पाहतां जनावरांच्या वैद्याकडे न्यावा. स्कर्व्ही वेळेवर ओळखली तर बरी होते.

लिंडच्या काळापासून १९३२ पर्यंत जवळजवळ दोनशें वर्षें खर्चीं पडलीं. त्या अवधींत अगणित खलाशी, कित्येक शिपाई आणि मोजदाद नसलेले हे मुके प्राणी एकाच उणिवेनें मेले. स्कर्व्हीवरील उपायाची परीक्षा माणसावर करावी लागूं नये, म्हणून ती गिनीपिगावर झाली, आणि तिचें फळ माणसानें घेतलें. ज्याच्या शरीरावरून हें ज्ञान मिळालें, त्यालाच घरांतील एखाद्या पिंजऱ्यांत जुन्या पुडक्यांतील निःसत्त्व दाण्यावर ठेवणें हें केवळ अज्ञानच नव्हे, तर कृतघ्नपणाहि होय. पुडक्यावरील तारीख वाचण्यास आणि मूठभर ताजा पाला आणण्यास फारसे श्रम पडत नाहींत.